कोरडं दुपटं

सकाळी बानूच्या खालचं दुपटं कोरडं निघालं तेव्हा मी बिरोबाला हात जोडले. चार-पाच दिवस पोरगी जुलाबानं पिळून निघाली होती, पुढं पुढं तर रक्त पडायला लागलं होतं, आणि आज एकदम काहीच नाही. मी ते दुपटं माझ्या सासूबाईंना नेऊन दाखवलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "उतरलं बग. आता मऊ भात चार तिला."

दुपारपर्यंत दुपटं बदलावं लागलं नाही. धुतलेली दुपटी मी घड्या घालून गाठोड्यात ठेवून दिली. जुलाब थांबले म्हणजे आजार गेला, एवढंच माझ्या डोक्यात. पोरगी कालपासून मुतलीच नाही, हे ध्यानात आलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. माझी शाळा सहावीत सुटली, मेंढरांमागं जायचं म्हणून. एवढं मोठं कधी काही लिहिलेलं नाही. पण ज्यांच्या घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू आहे अशा कुणी हे वाचलं, वाचून शेजारणीला सांगितलं, तरी मला पुष्कळ झालं.

परमुलखात

आमचं गाव बीड जिल्ह्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला, आष्टीकडं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आम्ही चालत उतरतो ते परभणी जिल्ह्यात येतो. त्या वेळी मुक्काम ताडकळसच्या अलीकडं, सोयाबीन निघालेल्या एका रानात होता. रात्री मेंढरं शेतकऱ्याच्या वावरात बसवायची, लेंड्यांचं खत त्यांना होतं, त्याबदल्यात ते आम्हाला ज्वारी देतात. बिऱ्हाडात मी, बानूचे वडील, सासरे म्हणजे आबा, आत्याबाई आणि अडीच वर्षांची बानू. पाल एकच. थंडीची आम्ही पण त्यात आणि नवी जन्मलेली कोकरं पण त्यातच.

त्या हंगामात कोकरांना हगवण लागली होती. दिवस उगवला की आबा एखादं मेलेलं कोकरू पायाला धरून बांधाकडं नेताना दिसायचे. अशात बानूचं पोट बिघडलं. मी फोनवर माझ्या आईला विचारलं. आई म्हणाली, "दात येत असतील." मी म्हटलं, "अगं, सगळे आलेत." मग ती म्हणाली, "दृष्ट काढ." मी काढली. आई दोनशे कोसांवर, तिनं तरी काय सांगायचं?

काकू

दुपार कलताना शेताच्या मालकीणबाई वांगी घेऊन आल्या. त्यांना मी काकू म्हणते. वांगी खाली ठेवता ठेवता त्यांचं लक्ष पालात गेलं.

"हे लेकरू असं पांढरंफटक काऊन पडलंय ग?"

"जुलाब होत होते काकू. आता थांबलेत."

"थांबले ते ठीक. पण तोंड बघ की. डोळे सुजल्यावानी दिसायलेत." त्यांनी वाकून बानूची पापणी खाली ओढली, मग पायाच्या नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. "मुतली कवा ही?"

मी आठवायला लागले. सकाळी नाही. रात्री नाही. कालचं मला आठवेना. गाठोड्यातल्या घड्या घातलेल्या दुपट्यांकडं माझं लक्ष गेलं.

आबा पालाच्या दाराशी होते. म्हणाले, "चार दिसांनी डोळा लागलाय पोरीचा. निजू द्या तिला."

"आबा, तुमच्या मेंढराचं तोंड असं सुजलं तर निजू द्या म्हणाल का?" काकूंनी विचारलं. आबा दारातून बाजूला सरले. काकूंनी नवऱ्याला हाक मारून मोटारसायकल काढायला लावली.

मी बानूला कडेवर घेऊन मागं बसले, आत्याबाई कुणाच्या तरी गाडीवर मागून आल्या. ताडकळसच्या डॉक्टरांनी तिला दोन मिनिटं बघितलं. पोट दाबलं, नखं बघितली, आणि म्हणाले, "इथं वेळ घालवू नका, परभणीला न्या." अँब्युलन्ससाठी फोन त्यांनीच लावला. ते घाबरलेले दिसत होते. डॉक्टर घाबरलेला दिसला की आईचं काय होतं ते मी सांगायला नको.

"दूध उकळून देता?"

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम होत्या. माझ्याच वयाच्या असतील. बानूचं रक्त काढून तपासायला गेलं आणि त्या माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या.

"दूध कुठलं पिते?"

"शेळीचं. मेंढरांबरोबर आमच्या दोन शेळ्या असतात. कोकरांना हगवण लागलीय, पण शेळ्या धड आहेत."

"उकळून देता?"

"नाही, ताजंच. आबा सकाळी धार काढायला बसले की तिच्या तोंडातच धार सोडतात. ती आ करून बसलेली असते." हे सांगताना त्या घडीलाही मला थोडं कौतुकच वाटत होतं. आमच्यात सगळी लेकरं अशीच वाढली. मी पण. बानूचे वडील पण. धारोष्ण दूध पाजलं नाही तर म्हातारी माणसं म्हणतात, पोरांच्या हाडात ताकद कुठून येणार?

मॅडमचं पेन थांबलं. रागावल्या मात्र नाहीत. "कोकरांना हगवण आहे असं आत्ता म्हणालात. बानू त्यांच्यात जाते?"

"त्यांच्यातच झोपते. त्यांच्या तोंडात बोटं घालायची सवय आहे तिला. ती चोखतात, मग हिला हसू येतं."

"आणि मग तीच बोटं हिच्या तोंडात."

मी बानूची बोटं पदराला पुसली.

"जेवायच्या आधी हात धुता तिचे?"

"मळलेले दिसले तर धुते."

"पाणी?"

"विहिरीचं. मेंढरं पण तिथंच पितात, हौदावर."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. घरात आणखी कुणाला त्रास झाला का विचारलं. मी म्हटलं, आबांचं एक दिवस पोट दुखलं, बाकी कुणाला काही नाही. त्या म्हणाल्या, "मोठ्यांचं बऱ्याचदा एवढ्यावरच निभतं. एवढ्या लहान पोरांचं तसं नसतं." मग विचारलं, "कुठलं औषध दिलं होतं?"

"साखरमिठाचं पाणी. दुसरं काहीच नाही," मी म्हटलं.

आत्याबाई माझ्या मागं उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडू येत असेल.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर मॅडमनी बानूच्या वडिलांना फोन लावायला सांगितला आणि आम्हा दोघांना एकदमच समजावलं, मी समोर आणि ते फोनवर. पोटात गेलेल्या जंतूनं विष सोडलं आहे. ते रक्तात गेलं आहे. त्यानं रक्त फुटतं आहे आणि किडन्या बंद पडत चालल्या आहेत. जुलाब थांबल्यावर पोर बरं झाल्यासारखं वाटतं आणि मग हे सुरू होतं. सगळ्यांना होत नाही. पण काहींना होतं.

किडनी मला माहीत आहे. बोकड कापला की निघते, गुळगुळीत, तांबूस. हातात घेतलेली आहे मी. मॅडम बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यापुढं तेवढंच येत होतं, बानूच्या पोटात तसल्या दोन असतील, केवढ्याशा असतील, चिंचोक्याएवढ्या असतील का?

फोनमधून बानूचे वडील म्हणाले, "मग आता?"

"आता लघवीची वाट बघायची," मॅडम म्हणाल्या. "रक्त चढवू, बाकीचं आम्ही करतो. पण लघवी सुरू झाली पाहिजे. नाही झाली तर डायलिसिससाठी संभाजीनगरला हलवावं लागेल."

गोळी

बानूला नळी लावली आणि नळीच्या टोकाला एक पिशवी. लघवी आली तर पिशवीत दिसणार. पिशवी खाटेच्या कडेला लोंबत होती, चपटी, रिकामी.

शेजारच्या खाटेवर पिंगळी गावच्या एक आजी नातवाला घेऊन होत्या. पोराला टायफॉईड झाला होता, त्याचा ताप उतरत आला होता. आजीचं तोंड सारखं चालायचं. त्या आपलं आपण सांगत होत्या, "बाजारातून बरफाचा गोळा खाल्लाय गधड्यानं. त्यो बरफ कशाचा अन् कुठल्या पाण्याचा, कुणाला ठाव. मी म्हणलं हुतं खाऊ नको. तर म्हणतोय, आजी, लाल हाय. लाल हाय म्हणून खायचं का रं?" पोरगं पांघरुणातून हसायचं. मला त्या हसण्याचा राग यायचा. दुसऱ्याचं लेकरू हसलं म्हणून राग यावा असं ते दिवस होते.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला नळाकडं चल म्हटलं. भांडी विसळायचं निमित्त केलं. ताट नळाखाली धरून त्या खाली मान घालून म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यानं गोळी दिलीया तिला."

"कसली गोळी?"

"कोकरांची. हगवनीची. नखाएवढा तुकडा मोडून गुळात घालून दिला. दोन टायम. तू पानी आनाया गेल्तीस तवा."

आमच्याकडं मेंढरांची औषधं आम्हीच देतो. सुया पण आबाच टोचतात. रानात जनावरांचा डॉक्टर कुठून येणार? कुठल्या गोळीला कोकरू उठतं, कुठल्याला नाही, हे आबांना तोंडपाठ. दुसरी कोकरं मरत होती, पण ज्यांना वेळेवर गोळी गेली त्यातली काही उठली होती. आबांनी तेच नातीला दिलं. जी चांगली निघाली तीच गोळी दिली, एवढं मला आज कळतं. त्या वेळी नळावर मला काहीच कळलं नाही.

"मॅडमना सांगते मी."

"नगं सांगू. पोलिसात देतील म्हाताऱ्याला."

"देऊ द्या," मी म्हटलं आणि तशीच ओल्या हातांनी पळाले.

मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गोळीच्या पाकिटाचा फोटो मागवा." बानूच्या वडिलांनी पाठवला. त्यांनी तो मोठा करून वाचला, दुसऱ्या डॉक्टरांशी बोलल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, "ही किडनीला जड जाणारी आहे. बरं झालं सांगितलंत, आता आम्ही त्या हिशोबानं चालू."

"मॅडम, गोळीनंच झालं का हे?"

"ते मला सांगता येणार नाही. रक्त आधीपासून पडत होतं. दूध असेल, कोकरं असतील, पाणी असेल. गोळीनं भर पडली असेल, नसेलही." मग म्हणाल्या, "आणि पोलिसांना कुणी बोलवत नाही. सासूबाईंना जेवायला सांगा."

त्यांनी आत्याबाईंचं बोलणं कुठं ऐकलं, मला माहीत नाही.

पाणी

लघवी बंद म्हणून पाणी मोजून द्यायचं. अंगात पाणी साठलं तर छातीत भरतं, दम लागतो. दिवसाला थोडंसं ठरवून दिलेलं, ते चमच्यानं पाजायचं. बानू "आई, पानी" म्हणायची. चमचा संपला की पुन्हा "पानी". पोरीला उन्हात तहान लागू नये म्हणून मी डोक्यावर कळशी घेऊन केवढं चालले असेन. आणि तिथं खाटेजवळ पाण्याची बाटली भरलेली, आणि मी ती खाटेखाली पायानं लोटून लपवायची.

तिचे ओठ फुटले होते. मी कापूस ओला करून ओठांना लावायची. ती कापूस चोखायला बघायची, अगदी त्या कोकरांसारखी. मग मी तोंड फिरवायची.

एकदा मी मागं वळले तर आत्याबाईंच्या हातात पेला होता, बानूच्या तोंडाशी. मी तो हिसकावून घेतला. पाणी सांडलं, बानू रडली, आत्याबाई पण रडल्या. "पान्यावाचून मारतीस व्हय गं लेकराला?" सगळा वॉर्ड माझ्याकडं बघत होता. पिंगळीच्या आजींनीच मिटवलं. "ओ बाई, इकडं या, माझ्यापशी बसा. त्या पोरीला काय लय हौस हाय का? डॉक्टरीन सांगायलीय ते करायलीय ती." आत्याबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. दोघी एका भाकरीतलं खात बसल्या आणि थोड्या वेळानं मेंढ्यांच्या किमतीवर बोलायला लागल्या.

बानूच्या वडिलांचं आणि काकूंच्या नवऱ्याचं रक्त घेतलं, बदल्यात बानूला चालणारं मिळालं. परक्या मुलखात, ज्यांच्या रानात आम्ही आठ दिवसांचे पाहुणे, त्या माणसानं बाही वर केली. मी त्यांच्या पायाशी वाकायला गेले तर म्हणाले, "उठ ग. तुमची मेंढरं वावरात हगली, त्याचं रक्त झालंय हे. तुमचंच हाय." मला हसू आलं. किती तरी दिवसांनी आलं.

आबा

मेंढरं एकटी सोडता येत नाहीत. त्यामुळं बानूचे वडील दवाखान्यात आले की आबा रानात, आणि आबा आले की ते रानात. आबा आले त्या दिवशी दाराशी शिपायानं त्यांना अडवलं, मग सोडलं. काखेत घोंगडी, डोक्याला मुंडासं, हातात चपला. चपला हातात कशाला, तर फरशी पुसलेली होती म्हणून. ते बानूच्या खाटेच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. बानू ग्लानीत होती. तोंड एवढं सुजलेलं की ओळखू येत नव्हतं.

मी त्यांना बसा म्हटलं नाही.

पिंगळीच्या आजी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हाताऱ्याला बसायला तरी सांग की ग सूनबाई. का उभ्यानंच वाळू घालायलीस?"

मी स्टूल सरकवलं. आबा बसले नाहीत, खाली फरशीवरच टेकले. तिथूनच म्हणाले, "डाक्टरीन काय म्हनली? गोळीनं झालं का?"

"सांगता येत नाही म्हणाल्या."

"तुला काय वाटतं?"

मी बानूचं पांघरूण सारखं केलं. मला काय वाटत होतं ते आजही मी इथं लिहिणार नाही. त्यांनी मान हलवली, जसं काही मी बोलले आणि ते त्यांनी ऐकलं. मग हात लांबवून त्यांनी ती रिकामी पिशवी नुसती बोटानं हलवून बघितली आणि सोडून दिली.

भीती

लोक म्हणतात, भीती वाटली की देव आठवतो. मला देव नाही आठवला. मला जमीन आठवली. आमच्यात एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. गावाकडं असतो तर आमच्या बांधावर जागा आहे. इथं आमचं पाऊल टेकायला वीतभर माती नाही. पोरीचं काही बरंवाईट झालं तर कुणाच्या रानात विचारायचं? काकूंना? आणि मग दुसऱ्या दिवशी मेंढरं हाकून पुढच्या गावाला जायचं, तिला मागं ठेवून?

हा विचार मी कुणाला सांगितला नाही. आईला फोन केला तरी "बरी आहे" म्हणायची. बरी आहे म्हणताना माझी नजर पिशवीवर असायची.

सगळ्या वॉर्डाचीच नजर त्या पिशवीवर होती. झाडायला येणारी मावशी विचारायची, "आली का?" टायफॉईडवाल्या पोराचे वडील आले की आपल्या पोराआधी विचारायचे, "आली का बाई?" मी मान हलवायची. एका अडीच वर्षांच्या पोरीच्या मुताची वाट एवढी माणसं बघतील असं कधी वाटलं नव्हतं. अंथरूण ओलं केलं म्हणून मी तिला चापट्या दिलेल्या आहेत. तुम्हीही दिल्या असतील.

पिशवी

मॅडम सकाळी आल्या आणि म्हणाल्या, "दुपारनंतर संभाजीनगरला हलवू. मी तिथं बोलून ठेवलंय." मी गाठोडं बांधायला घेतलं. संभाजीनगर मी कधी बघितलेलं नाही. तिथं पोरीच्या अंगातलं सगळं रक्त मशीनमधून फिरवून आणतात, एवढंच मला समजलं होतं. बानूचे वडील काकूंच्या घरी मेंढरांची सोय लावायला गेले होते.

सिस्टर तपासायला आल्या. त्या बानूचा रक्तदाब बघत होत्या. बघता बघता थांबल्या, खाली वाकल्या आणि नळी चिमटीत धरून उजेडाकडं केली.

"ही कधीची?"

मला आधी दिसलंच नाही. मग दिसलं. नळीत एका ठिकाणी काळपट, चहासारखं काहीतरी होतं. पिशवीच्या तळाच्या कोपऱ्यात जेमतेम चमचाभर. मला वाटलं, रक्त.

"रक्त आहे का हो?"

"लघवी आहे," सिस्टर म्हणाल्या. "रंग असाच असतो सुरुवातीला. थांबा, मॅडमना बोलावते."

मॅडम आल्या. त्यांनी पिशवी बघितली, पोट बघितलं, छातीला नळी लावून ऐकलं. माझ्याकडं न बघता सिस्टरना म्हणाल्या, "गाडी संध्याकाळपर्यंत थांबवा." मग माझ्याकडं वळल्या. "एवढ्यावर मी शब्द देत नाही. बघू."

त्या दिवसासारखी दुपार माझ्या जन्मात दुसरी नाही. थेंब यायचा आणि बराच वेळ काही नाही. मग पुन्हा थेंब. मी नळीला डोळा लावून बसले होते. पिंगळीच्या आजी नातवाला दटावत होत्या, "गप बस रं, मोजू दे तिला." ऊन खिडकीतून खाटेवर आलं, खाटेवरून खाली गेलं. संध्याकाळी सिस्टरनी पिशवीतलं मापाच्या भांड्यात ओतलं, भांडं डोळ्यांपुढं धरलं, आणि त्यांच्या तोंडावरून मला कळलं.

गाडी गेली नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत जास्त आली, रंग फिका झाला. तिसऱ्या दिवशी बानूनं डोळे उघडून पाणी मागितलं आणि मॅडम म्हणाल्या, "द्या." मी पेला तिच्या तोंडाला लावला. ती घटाघट प्यायली, पाणी गळ्यावरून अंगावर सांडलं, आणि आत्याबाई पदरानं तिचं तोंड पुसत म्हणाल्या, "हळू गं, कुनी पळवत न्हाई."

पुढं

घरी सोडताना मॅडमनी नीट सांगितलं. हा आजार गेला तरी किडनीला खूण राहू शकते. रक्तदाब आणि लघवी तपासत राहायचं, वर्षभर तरी, पुढंही. आम्ही जिथं असू तिथल्या सरकारी दवाखान्यात नेऊन तपासून घेते. माझी भीती गेलेली नाही. बानू जास्त झोपली तरी मी पापणी ओढून बघते. ती चिडते.

पालात काय बदललं ते सांगते. कोकरांना आता वेगळा आडोसा, पालाच्या बाहेर. हात साबणानं, मळलेले दिसोत न दिसोत. पिण्याचं पाणी हौदाजवळचं नाही, थेट विहिरीतून शेंदलेलं आणि उकळलेलं. जळण जास्त लागतं, ते मी वेचते. आणि कच्चं दूध कुणीच पीत नाही. यावर आत्याबाई सुरुवातीला माझ्याशी भांडल्या. "आमी काय कच्च्या दुधानं मेलो का?" असं म्हणाल्या. त्या चुलीपुढं बसून होत्या, दुधाकडं बघत. मग आपणहून म्हणाल्या, "मपली दोन लेकरं गेली. तुज्या नवऱ्याच्या पाठची. असंच रगत पडलं, मंग थांबलं. मंग सुजली." दूध वर आलं, त्यांनी ते पदरानं धरून उतरवलं. "आमी म्हनलो, देवाची व्हती, देवानं नेली."

माझा नवरा एकुलता एक का, हे मी लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

आबांशी मी बोलायला लागले, पण कामापुरतं. जनावरांच्या औषधांची पिशवी त्यांनी स्वतःच उचलून पालाबाहेर, गाढवाच्या ओझ्यात बांधून टाकली. गोळीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

परवा आमचा मुक्काम सेलूच्या बाजूला होता. एक माणूस मोटारसायकलवर शेळीचं दूध मागायला आला. त्याच्या पोराला डेंग्यू होता, पेशी कमी झाल्या होत्या, शेळीचं कच्चं दूध पाजा असं कुणीतरी सांगितलं होतं. असे लोक येतात, आमचं पाल दिसलं की येतात, आणि आबा कुणाला नाही म्हणत नाहीत. त्या माणसानं डबा पुढं केला. त्याचे डोळे मी ओळखले, दवाखान्यात आरशात बघितलेले. मी बोलणार तेवढ्यात आबा उठले. धार काढली आणि दूध डब्यात न ओतता चुलीवर ठेवलं.

"काय करायलाव बाबा?" तो माणूस म्हणाला. "उकळल्यावर गुण जातोय म्हणायलेत सगळे."

आबांनी चुलीत काटकी सारली. त्याच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही.

"गेला तर जाऊ द्या गुण," ते म्हणाले. "केवढं हाय पोरगं?"

"तीन वर्सांचा."

"मंग बसा वाईच."

त्या माणसानं गाडी बंद केली आणि चुलीजवळ येऊन टेकला.